झुकूचा शिंगवाला बेडूक: नागपूरहून निघण्याआधी हे वाचा

नागालँडमधल्या झुकू खोऱ्यातून पावसाळ्यात जखामा गावाच्या वाटेने उतरू नका. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. आमचा प्रवास आखून देणाऱ्याने ‘तासाभराची उतरण आहे, म्हातारी माणसंही उतरतात’ असं सांगितलं होतं. साफ खोटं! वाट जंगलातून सरळ खाली कोसळते. दगडांवर शेवाळ, मुळांवर चिखल, आणि पाय टेकवायला जागा शोधेपर्यंत मोज्यांत जळवा. दर रविवारी रामटेकची गडवाट चढणाऱ्या आमच्या पोरांच्याही मांड्या थरथरत होत्या. काठ्यांशिवाय तर विचारही नको. एकाचा गुडघा अजून सुजलेला आहे.

जाता-येता दुसरी, विश्वेमा गावाचीच वाट धरा. सुरुवातीचा दगडी पायऱ्यांचा चढ दम काढतो, पण तो संपला की बुटक्या बांबूंमधून वाट जवळजवळ सपाट जाते. लूट होते ती त्याआधी. कोहिमाहून विश्वेमापर्यंत शेअर सुमो स्वस्तात मिळते. गावापासून पायऱ्यांपर्यंतच्या कच्च्या रस्त्याला मात्र अख्खी गाडी करावी लागते, आणि त्या एवढ्याशा अंतराला आम्ही सुमोच्या कितीतरी पट पैसे मोजले. वर पोहोचल्यावर ‘परतीचे वेगळे’ हेही ऐकलं. भाडं बसण्याआधीच ठरवा, परतीसकट. आणखी प्रवासी मिळेपर्यंत थांबलात तर खर्च वाटला जाईल.

आता ज्यासाठी गेलो तो बेडूक. शास्त्रीय नाव मेगोफ्रिस झुकू. 2020 मध्ये स्टीफन महोनी, रचुनलिऊ कामेई, एमा टीलिंग आणि एस. डी. बिजू यांनी ईशान्य भारतातल्या तीन नव्या शिंगवाल्या बेडकांची नोंद केली, त्यांतला हा एक. तोवर हे बेडूक ‘मेगोफ्रिस पार्वा’ या जुन्या नावाखाली एकत्र मोजले जात होते. नेटवर लांब टोकदार शिंगांचा जो पानासारखा बेडूक दिसतो तो मलेशिया-बोर्निओकडचा. तो डोळ्यांपुढे ठेवून इथे शोधलंत तर समोर बसलेलाही दिसणार नाही. इथलं ‘शिंग’ म्हणजे वरच्या पापणीवरचा मांसल, बारीकसा उंचवटा. बेडूक तपकिरी, लहान, पडलेल्या पानांत मिसळून गेलेला.

‘खोऱ्यातल्या रेस्ट हाऊसच्या दारातच दिसतो’ हेही आम्हाला सांगितलं गेलं होतं. फोटोतल्या त्या हिरव्या उघड्या टेकड्यांवर आमची अख्खी संध्याकाळ वाया गेली. झाडीतल्या ओढ्याकाठी जा, अंधार पडल्यावर, पाऊस थोडा ओसरला की. आधी आवाज ऐका, मग हेडलॅम्प फिरवा. दिवसा संथ डबक्यांत या गटातल्या बेडकांची पिल्लं शोधा: तोंड नरसाळ्यासारखं वर वळलेलं, पाण्याच्या पृष्ठभागावरचे कण गिळणारं. ती दिसली की ओढा बरोबर निवडला आहे असं समजा. आम्हाला दगडाच्या कपारीत एक नर सापडला, आणि तो ओरडला तेव्हा दिवसभराचा सगळा राग उतरला. जन्मात एकदा तरी ऐकावा असा आवाज आहे!

फोटोपेक्षा आवाज रेकॉर्ड करा. हे बेडूक दिसायला इतके सारखे की जाती वेगळ्या करायला डीएनए आणि आवाज दोन्ही तपासावे लागतात; नुसत्या फोटोवर ‘झुकूच पाहिला’ असं सांगू नका. हातात तर धरूच नका. ओडोमॉस लावलेला हात त्याच्या ओल्या कातडीला घातक आहे. बुटांचा जुना चिखल घरीच धुऊन निघा, बेडकांचा बुरशीरोग त्यातून पसरतो.

नागपूर-हावडा, पुढे कामरूप एक्सप्रेसने दिमापूर. त्यात सांगण्यासारखं काही नाही. इनर लाइन परमिट (नागालँडमध्ये शिरायचा परवाना) आधीच ऑनलाइन काढा, दिमापूरलाही लागतं. दिमापूर-कोहिमा रस्त्यावर पावसात दरडी येतात, एक दिवस हातचा ठेवा. झुकू साधारण 2,450 मीटरवर आहे. नागपुरात कूलर चालू असताना तिथे रात्री दात वाजतात. रेस्ट हाऊसला ब्लँकेट भाड्याने मिळतात, पण आम्हाला मिळालेली ओलसर होती. स्लीपिंग बॅग न्याच, आणि जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, सॅकच्या तळाशी नको.