मामाचे ३५, ब्रूसचे ३३

१९ फेब्रुवारी २०१५, गुरुवार. ऐरोलीच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते आणि आमच्या ग्रुपवर एक ओळ पडली: ‘ब्रूसला कॅन्सर. जिभेला.’

ग्रुपचं नाव ‘बीकेसी २००८’. पाच जण, त्यात मी एकटी मुलगी. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडनं त्यांचा जागतिक दौरा सुरू केला तो मुंबईपासून, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या मैदानातून. ब्रूस डिकिन्सन त्यांचा गायक तर आहेच, पण सर्टिफाइड वैमानिकही. त्या दौऱ्यात बँडचं बोइंग ७५७ तोच उडवत होता. म्हणजे मुंबईत उतरवणारा आणि मुंबईला ओरडायला लावणारा माणूस एकच. ‘एसेस हाय’ हे गाणं सुरू झालं तेव्हा माझ्या डाव्या पायातली चप्पल गेली ती गेलीच. भांडुपला उतरून एका पायात चप्पल घालून घरी गेले, तर मामा जागा होता. म्हणाला, “डबलबारीक गेल्लंस काय गो?”

मामा आमचा भजनी बुवा. मूळचा कणकवलीकडचा, उभा जन्म भांडुपच्या चाळीत. ज्यांनी डबलबारी ऐकली नाही त्यांना काय सांगू! दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. पखवाज, झांजा, मागे कोरस, आणि पहाटेपर्यंत एकमेकांना गाण्यातून कोपरखळ्या. मामा काळी पाचात, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत, गायचा. ब्रूसला चाहते ‘एअर रेड सायरन’ म्हणतात. चाळीत मामाला ‘भोंगा’ म्हणायचे. बरोबरी मुद्दाम जुळवत नाहीये, खरंच म्हणायचे.

तर ती ओळ वाचून माझा घास घशातच राहिला. कारण जिभेच्या मुळाशी गाठ म्हणजे काय हे मला पाठ होतं. मामाला २०१२ च्या दिवाळीत तीच जागा निघाली होती.

बँडच्या निवेदनात लिहिलं होतं की नेहमीच्या तपासणीत, नाताळच्या जरा आधी, गाठ सापडली. छोटी आहे, लवकर कळली, केमो आणि रेडिएशन झालं, पूर्ण बरा होईल. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. बँकवाला म्हणाला की हे सगळं पीआर आहे, माणूस आता गात नाही. पुण्याचा म्हणाला, मेडिकल सायन्स कुठल्या कुठे गेलंय, तू गप. मी काहीच बोलले नाही. मला फक्त ‘रेडिएशन’ हा शब्द दिसत होता.

आमच्या घरात त्याला शेक म्हणतात. “आज कितवा शेक?” मामाला ३५ झाले, सात आठवडे, शनिवार-रविवार सुट्टी. आधी प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा बनवतात. गरम पाण्यात मऊ केलेला पत्रा चेहऱ्यावर ओढून बसवतात, तो गार होऊन कडक होतो. मग रोज तोच चढवून टेबलाला अडकवायचा, म्हणजे मान हलायला नको. तिसऱ्या आठवड्यात मीठ कळेनासं झालं. पाचव्यात पेजसुद्धा खाली जाईना, नाकात नळी घातली. लाळ गेली ती पूर्वीसारखी परत आलीच नाही. अजूनही मामाच्या शर्टाच्या खिशाचा आकार पाण्याच्या बाटलीसारखा झालाय. शेवटच्या शेकानंतर मुखवटा घरी दिला, तर मामीने तो तुळशीमागे टाकला. मांजर त्यात झोपायचं.

१५ मे ला बातमी आली, ब्रूस ठणठणीत, कॅन्सरचा मागमूस नाही. नंतर त्याच्याच मुलाखतींतून कळलं की गाठी दोन होत्या, एक जिभेत गोल्फच्या चेंडूएवढी आणि दुसरी मानेतल्या ग्रंथीत. आणि शेक ३३. मामाला सांगितलं तर बोटं मोजून म्हणाला, “दोन सुटले मेल्याक.”

अजून एक गोष्ट ब्रूसनं उघड सांगितली. त्याची गाठ एचपीव्ही या विषाणूमुळे होती, आणि तोंडाच्या आतल्या या प्रकाराबद्दल पुरुषांना काही माहीतच नसतं. ग्रुपवर दोन मिनिटं चिडीचूप. मग बँकवाल्यानं हळूच विचारलं की हे म्हणजे बायकांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होतो, तोच विषाणू का? तोच. आणि तंबाखूच्या गाठीपेक्षा ही गाठ उपचारांना चांगली दाद देते. मामाची तंबाखूची होती. मामा डबी खिशात ठेवायचा त्याच खिशात आता बाटली.

आता मूळ मुद्द्यावर येते. ‘द बुक ऑफ सोल्स’ हा अल्बम पॅरिसमध्ये २०१४ च्या शेवटच्या महिन्यांत रेकॉर्ड झाला. म्हणजे ब्रूस तो गायला तेव्हा गाठ घशात बसलेली होती आणि कुणाला पत्ता नव्हता. अल्बम तयार, पण गायक बरा होईपर्यंत थांबवून ठेवलेला. ४ सप्टेंबर २०१५ ला आला. दोन डिस्क, ९२ मिनिटं. मेडनचा पहिला दुहेरी स्टुडिओ अल्बम.

त्या रात्री आम्ही पाचही जणांनी तो ऐकला, पण गाणी कुणीच ऐकली नाहीत. आम्ही गाठ ऐकत होतो. पहिलंच गाणं ‘इफ इटर्निटी शुड फेल’. सुरुवातीला गिटार नाही, ढोल नाही, नुसते कीबोर्डचे सूर आणि त्यावर त्याचा उघडा आवाज. पुण्याच्यानं लगेच मिनिट-सेकंदांची यादी टाकली: इथे ‘क’ जड आलाय, इथे श्वास तुटलाय, इथे वर जाताना घासलाय. बँकवाला म्हणे, ५६ व्या वर्षी माणूस घासणार नाही तर काय! पहाटे दोन वाजता पाच घोडे, ज्यांच्यापैकी एकालाही षड्ज लावता येत नाही, घशाच्या डॉक्टरसारखे भांडत होते.

मला हसू आलं नाही. मी हे आधी केलेलं होतं.

२०१२ च्या गणपतीत मामाची शेवटची डबलबारी झाली, त्याचं रेकॉर्डिंग माझ्या जुन्या फोनमध्ये आहे. गजरात ‘गोपाळा’ येतं. त्यातला ‘ळ’ नीट वळत नाही, लोळतो. रेकॉर्डिंगमध्ये पाठीमागून मामीचा आवाज येतो, “पान काढा आधी तोंडातला.” सगळे हसतात. मामाही हसतो. तोंडात पान नव्हतं. त्याआधी दोन महिने एका डॉक्टरकडून गुळण्यांचं औषध चालू होतं, घरचं ज्येष्ठमध आणि खडीसाखर वेगळी. २०१३ मध्ये मामा नळी लावून पडलेला असताना मी ते सव्वा मिनिट किती वेळा ऐकलं असेल! हेडफोन लावून, मागे नेऊन, परत. ‘गोपाळा’. ‘गोपाळा’. कधी वाटायचं, इतकं स्पष्ट आहे, आम्ही बहिरे होतो का? कधी वाटायचं, काहीच नाहीये, ळ तसाच तर म्हणतो मामा नेहमी.

म्हणून ग्रुपवर एवढंच लिहिलं, “झोपा रे.” बँकवाल्यानं अंगठा दिला.

तेरा दिवसांनी गणपती. आम्ही कोकण रेल्वेनं गावाला निघालो. पनवेल सुटल्यावर मामा म्हणाला, तुझ्या त्या आजारी बुवाचं लाव बघू. एक कान त्याला, एक मला. मी शेवटचं लावलं, ‘एम्पायर ऑफ द क्लाउड्स’. १८ मिनिटांचं, मेडनचं सगळ्यात लांब गाणं, ब्रूसनं एकट्यानं पियानोवर बसून लिहिलेलं. आर-१०१ या इंग्रजांच्या, फुग्यासारख्या वायूनं भरलेल्या महाकाय हवाई जहाजाची गोष्ट. १९३० च्या ऑक्टोबरात ते कराचीला, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, यायला निघालं आणि फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पावसापाण्याच्या रात्री कोसळून पेटलं. ५४ पैकी ४८ गेले. मी बोगद्यांमधल्या आवाजात ओरडून ओरडून गोष्ट सांगत होते. मामानं एकच विचारलं, “पोचलां नाय?”

“नाही.”

मग बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिला. पियानो जाऊन गिटारी भिडल्या तेव्हा मांडीवर ठेका धरला, आणि चुकला, कारण मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन तिथं सरळ ठेका देतच नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, “ह्येंची पेटी वाजवणारो कोण? तेका सांगा जरा खाली घेऊक.”

यावर आमच्या ग्रुपमध्ये आजही एकमत नाही. मेडन जुनी गाणी मूळ पट्टीतच वाजवतात. पुण्याचा म्हणतो, हाच त्यांचा बाणा. मला तो हट्ट वाटतो. मामाचा आवाज शेकानंतर काळी पाचावरून पांढरी दोनवर आला. मंडळानं एका शब्दानं न बोलता पेटी खाली घेतली. कोरसमधल्या पोरांना ते जड जातं, कारण त्यांचे गळे वरच मोकळे होतात. पण मामा अजून बसतो. डबलबारीला नाही, गुरुवारच्या चक्री भजनाला, आणि दोन अभंगांनंतर बाटली काढतो.

२०१६ चा दौरा भारतात आलाच नाही. यावेळी विमान ७४७ होतं, आणि ते उडवायचं प्रशिक्षण घेऊन तेही ब्रूसच चालवत होता. ३३ शेकांनंतर! त्या वर्षीच्या ऑगस्टमधल्या जर्मनीच्या वाकन महोत्सवाचं चित्रीकरण मी एका रविवारी मामाच्या टीव्हीला जोडलं. मायन मंदिरासारखा सेट, अंधार, आणि वरच्या पायरीवर धुराची रांजणासारखी कढई. ब्रूस डोक्यावर टोपी ओढून तिच्यावर वाकलेला, पहिल्या गाण्याची पहिली ओळ म्हणतोय. धूर त्याच्या तोंडावर येतोय.

मामा पुढे सरकला. मामीला आतून हाक मारली.

“बघ गो,” म्हणाला, “वाफ घेता तो.”