तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकावरचा पिक्चर बघून मी एवढी का चिडते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतरी हा प्रश्न मला इतक्यांदा येतो की एकदा लिहून टाकलेलं बरं. प्रश्न असा, की फॅन्टसी पुस्तकावर पिक्चर आला की पहिल्या दिवशी जाणारीही तूच आणि नंतर आठवडाभर चिडचिड करणारीही तूच, सातशे पानं अडीच तासात मावतात का, पिक्चर हे वेगळं माध्यम आहे एवढं कळत नाही का तुला?

कळतं हो. आणि गाळण्यावर माझा राग नाहीच मुळात. लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या 2001 च्या पहिल्या पिक्चरमधून टॉम बॉम्बाडिल अख्खा उडवला, जंगलात गाणी म्हणत उड्या मारणारा तो विक्षिप्त माणूस, त्याच्यासाठी पुस्तकवेडे अजून गळा काढतात पण खरं सांगू का, त्याच्यावाचून गोष्टीचं काही अडत नाही. हॅरी पॉटरमधल्या पीव्हज ह्या खोडकर भुताचं तर शूटिंग होऊन मग कापलं, जाऊ दे तेही. माझं दुखणं वेगळंय. प्रसंग ठेवायचा आणि तो ज्यासाठी होता तेवढंच नेमकं काढून घ्यायचं, हे नाही सहन होत.

हॅरी पॉटरचा शेवटच घ्या. (वाचलं नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, पण पुस्तक 2007 चं आहे, किती वर्षं सांभाळायचं आता.) पुस्तकात खलनायक वॉल्डेमॉर्ट शाळेच्या ग्रेट हॉलमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरतो. पोरं, मास्तर, पोरांचे आईबाप सगळे भिंतीला चिकटून उभे, हॅरी त्याला सरळ रिडल ह्या त्याच्या खऱ्या नावानं हाक मारतो, जरा पश्चात्ताप करून बघ असंही सांगतो, आणि मग वॉल्डेमॉर्ट खाली पडतो, बस. ज्याचं नाव घ्यायला लोक टरकायचे, मरण चुकवायला ज्यानं स्वतःच्या आत्म्याचे तुकडे केले, त्याचंही चारचौघांसारखं प्रेत होतं आणि ते उचलून बाजूच्या खोलीत नेऊन ठेवतात. मला तर वाटतं सातही पुस्तकं त्या एका प्रेतासाठी लिहिलीयत. आणि 2011 च्या पिक्चरमध्ये काय, तर दोघं एकमेकांना धरून शाळेच्या किल्ल्याभोवती उडतायत, मग रिकाम्या अंगणात मारामारी, बघायला चिटपाखरू नाही, आणि शेवटी साहेबांचे पापुद्रे होऊन वाऱ्यावर जातात. थ्रीडीत मस्त दिसलं असेल, नाही असं नाही. पण अहो पहिल्यांदा तो नाहीसा झाला तेव्हा कुणी प्रेत बघितलं नव्हतं म्हणून तर अर्ध्या लोकांना तो परत येईल अशी धास्ती होती आणि आलाच की तो, मग ह्या वेळी तरी लोकांना बघू द्या ना मेलेला!

कांडीचंही तेच. पुस्तकात जगातली सगळ्यात ताकदवान कांडी हातात आल्यावर हॅरी तिच्याकडून एकच काम करून घेतो, स्वतःची मोडलेली जुनी कांडी दुरुस्त करतो, आणि ती भारीतली परत ठेवून द्यायची ठरवतो. पिक्चरमध्ये ती कडकन मोडून पुलावरून भिरकावतो, आणि स्वतःच्या कांडीचं काय झालं ते कुणी विचारतच नाही.

द हॉबिटबद्दल थोडक्यात सांगते, नाहीतर बीपी वाढेल. 1937 चं मुलांचं पुस्तक, तीनशेच्या आसपास पानं, त्याचे तीन पिक्चर, जवळजवळ आठ तास. म्हणजे इथे वेळ कमी होता हे कारणही नाही! पुस्तकात मोठी लढाई सुरू असताना नायकाच्या, बिल्बोच्या, डोक्यात दगड बसतो आणि तो बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो तोवर सगळं संपलेलं. लेखक टॉल्किन स्वतः पहिल्या महायुद्धात लढून आलेला माणूस, त्याला लढाई रंगवता येत नव्हती म्हणून त्यानं असं केलं का? आणि 2014 च्या तिसऱ्या पिक्चरला नावच त्या लढाईचं, वर पुस्तकात नसलेली टॉरिएल आणि तिचं त्या बुटक्या किलीवरचं प्रेम.

सगळ्यात जास्त मात्र मला अर्थसीचं लागलं. उर्सुला ले ग्विनचं 1968 चं पुस्तक, त्यातला नायक गेड तांबूस सावळा, त्याचा जिवलग मित्र काळा, आणि गोरे लोक कोण तर समुद्रावरून लुटायला येणारे कारगाडवाले. तलवारी, ड्रॅगन, जादूगार असलेल्या गोष्टीत आपल्या रंगाचा पोरगा मधोमध उभा आहे ही किती मोठी गोष्ट आहे हे नाशकात बसून वाचणाऱ्या सावळ्या मुलीला सांगावं लागत नाही. 2004 मध्ये अमेरिकन टीव्हीवर त्याची मिनी सिरीज आली आणि गेड झाला गोरा. ले ग्विनबाईंनी मग जाहीर लेख लिहून झोडपलं त्यांना, आणि आता मला सांगा, ह्यात 'वेगळं माध्यम' कुठे आलं? कॅमेऱ्याला सावळा माणूस दिसत नाही का?

उलट तिसरा हॅरी पॉटर बघा, 2004 चाच, दिग्दर्शक क्वारोनचा. त्यातला जादूचा नकाशा कुणी बनवला हे सांगायचंच विसरलेत, पुस्तक वाचल्याशिवाय कळणार नाही, भरपूर गाळलंय, तरी तो माझा सगळ्यात आवडता आहे कारण तेराव्या वर्षाचं ते चिडकं एकटेपण त्यात बरोब्बर उतरलंय. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या फॅरामिरवर माझं अजून नक्की होत नाही. पुस्तकात तो त्या जादूच्या अंगठीला हातही लावणार नाही म्हणतो, पिक्चरमध्ये अंगठी घेऊन चाललेल्या फ्रोडोला धरून बापाकडे न्यायला निघतो. सगळ्यांना झपाटणारी अंगठी ह्यालाच कशी काही करत नाही हा प्रेक्षकाचा प्रश्न रास्त आहे, त्यामुळे चिडते पण अर्धीच.

आता तुमचा पुढचा प्रश्न, एचबीओची नवी हॅरी पॉटर सिरीज बघणार का. बघणार म्हणजे काय! सहाव्या पिक्चरमध्ये हॅरीच्या मित्राचं, वीजलींचं, घर जाळलं, जे पुस्तकात जळतच नाही (पुढच्या पिक्चरमध्ये ते धडधाकट उभं असतं आणि तिथे लग्नही होतं), आणि ज्या गाँटांच्या झोपडीतून वॉल्डेमॉर्टची आई कळते ती झोपडी मात्र सरळ वगळली. त्या झोपडीसाठी मी सहाव्या सीझनपर्यंत थांबायला तयार आहे.