सातेरीचं पुस्तक आणि चार रविवार

मागच्या श्रावणात वेल्ह्याकडचा एक मुलगा आमच्या वाचनालयात आला होता. वय बावीस-तेवीस असेल. पुण्यातल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं शिक्षण घ्यायला आला होता आणि दुपारी वेळ मिळाला म्हणून पेठेत पुस्तकं शोधत फिरत होता. "मॅडम, सातेरी मधमाशीवर मराठीत काही आहे का? पावसाळ्यात पेट्या कशा सांभाळायच्या ते हवंय."

मी नोंदवही चाळली, संगणकावरून छापलेली यादी पाहिली, शेतीच्या कपाटात हात घातला. काही नव्हतं. "नाही रे बाळा," म्हटलं. सवयीप्रमाणे वाचक-मागणी वहीत त्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घेतला. तो आभार मानून जिना उतरून गेला.

पुस्तक आमच्याकडे होतं. एक नाही, दोन होती. ते मला कळायला सात महिने लागले, आणि कळलं ते आमच्या जिल्हा ग्रंथालय संघाच्या एका वर्गामुळे. म्हणून तो वर्ग कसा मिळाला, तिथे काय झालं आणि नंतर आम्ही काय केलं हे सविस्तर लिहितेय. लहान वाचनालयांत काम करणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत, त्यांच्यासाठी.

आमचं वाचनालय सदाशिव पेठेत, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. साडेअकरा हजारांच्या आसपास ग्रंथ. ग्रंथपाल एकच, त्या निवृत्तीला आलेल्या. मी अर्धवेळ साहाय्यक. दाखल नोंदवही जुन्या पद्धतीची: दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, शेरा. विषयाचा रकाना त्यात कधी नव्हताच. दहा-बारा वर्षांपूर्वी समितीने बाहेरून पैसे देऊन यादी संगणकावर टाइप करून घेतली, पण ती त्या काळच्या जुन्या फॉण्टात. तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं यांचा नुसता गाळ दिसतो. शोधायला जा, तर काही सापडत नाही. आम्ही त्या यादीचा प्रिंट काढून बांधून ठेवला होता आणि तीच आमची 'संगणकीकृत' सूची.

संघाचं परिपत्रक नोव्हेंबरात आलं. त्यात पुढच्या सहा महिन्यांचे कार्यक्रम होते: संगणकीकरणाचा चार रविवारांचा वर्ग, जुन्या ग्रंथांच्या जतनाची एक दिवसाची कार्यशाळा, वार्षिक अधिवेशन, आणि राज्य शासनाच्या ग्रंथालय पुरस्कारांसाठी प्रस्ताव कसे भरायचे याची बैठक. अशी परिपत्रकं दरवर्षी येतात. आमच्याकडे ती फलकावर लागतात, मुदत उलटते, मग त्यावर वासंतिक व्याख्यानमालेची पत्रिका लागते. आदल्या वर्षीचा असाच वर्ग आमच्या हातून निसटला होता, कारण समितीची बैठक मुदतीनंतर झाली.

या वेळी मी परिपत्रक फलकावर न लावता थेट कार्यवाहांच्या घरी घेऊन गेले. अर्जाला चार गोष्टी लागत होत्या: संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि शासनाने दिलेला दर्जा (अ, ब, क, ड), कार्यकारिणीचा ठराव, ज्या व्यक्तीला पाठवायचंय तिचं काम काय याचं पत्र, आणि फी. फी किरकोळ होती. अडत होतं ते ठरावावर. कार्यवाह काकांनी सदस्यांना एकेक करून फोन केले आणि त्या गुरुवारी संध्याकाळी तातडीची बैठक लावली. एका ज्येष्ठ सदस्यांचा प्रश्न रास्त होता: "चार रविवार शिकून येशील, पण पुढे करणार कोण? अकरा हजार पुस्तकं आहेत." मी म्हटलं, "रोज वीस करू. सुट्ट्या धरून दोन वर्षांत होतील." ठराव झाला. ज्यांना असा अर्ज करायचाय त्यांना एवढंच सांगेन की परिपत्रक हातात पडल्याच्या दिवशी ठरावाची तारीख ठरवा, बाकी कागद एका दुपारचं काम आहे.

वर्ग जानेवारीत, डेक्कनच्या बाजूच्या एका महाविद्यालयाच्या संगणक कक्षात. आम्ही चोवीस जण. जुन्नरहून येणाऱ्या एक ताई पहाटेच्या एसटीने निघून वाकडेवाडी स्टँडवर उतरायच्या आणि तिथून रिक्षाने यायच्या, तरी दहाच्या आत हजर. इंदापूरचे एक गुरुजी, भोरचे दोघे, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाच्या सुनंदाताई (नाव बदललंय). वेल्हे ऐकून मला तो मुलगा आठवला. तेव्हा त्याबद्दल काही बोलले नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंही.

आदल्या आठवड्यात निरोप आला होता की येताना आपल्या वाचनालयातली पाच अवघड पुस्तकं घेऊन या. तो निरोप म्हणजे अर्धा वर्ग होता असं आज वाटतं. मी नेलेली पाच अशी: एकाचं मुखपृष्ठ होतं पण शीर्षकपान फाटलेलं. एकावर प्रकाशनवर्ष फक्त शके १८७४. एक कुसुमाग्रजांचा कवितासंग्रह, सोबत वि. वा. शिरवाडकरांचं नाटक. आणि एक, ज्याच्या नावात 'गांव' असा जुना अनुस्वार होता.

शकेचं शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या तासातच सोडवलं: ७८ मिळवा, इसवी सन मिळतो, म्हणजे १९५२, मूळ छापलेलं शकेही नोंदीत लिहा, कारण शक-वर्ष चैत्रात सुरू होतं आणि शेवटचे तीन महिने पुढच्या इसवी सनात जातात. हे मला ठाऊक होतं, पण नोंद करताना दोन्ही लिहायची हे कधी सुचलं नव्हतं.

टोपणनावाचा प्रश्न अधिक खोल निघाला. कविता लिहिणारे कुसुमाग्रज आणि नाटक लिहिणारे शिरवाडकर एकच. मग आमच्या यादीत त्यांची पुस्तकं दोन टोकांना का? आम्ही वर्षानुवर्षं कधी एक नाव, कधी दुसरं, जो लिहील त्याच्या मर्जीने नोंदवत आलो होतो. सर म्हणाले, शीर्षकपानावर जे नाव छापलंय त्याखाली नोंद करा, आणि दोन्ही नावांना एकमेकांकडे बोट दाखवणारी 'हेही पाहा' नोंद ठेवा, म्हणजे कवितेचा वाचक नाटकापर्यंत पोचेल. हे त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि मी वहीत चौकट करून ठेवलं.

पण माझ्या डोक्यात सगळ्यात जास्त बसलं ते 'गांव'. आपलं शुद्धलेखन १९६२ मध्ये बदललं. त्याआधीच्या पुस्तकांवर नांव, गांव, कांहीं, कोठें असे न उच्चारले जाणारे अनुस्वार आहेत. संगणक ते ठिपके वेगळी अक्षरं म्हणूनच धरतो. आज कोणी 'गाव' टाइप करून शोधलं तर १९५० सालचं 'गांव' त्याला दिसणार नाही. उपाय सोपा होता: मार्क नावाच्या नोंदपद्धतीत २४५ या रकान्यात पुस्तकाचं नाव जसं छापलं तसं लिहायचं आणि २४६ मध्ये आजच्या लेखनातलं नाव द्यायचं. म्हणजे दोन्ही वाटांनी पुस्तक सापडतं. तीच गत 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांसारख्या शब्दांतल्या ऱ्याची. कोणी तो युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर सारखी दिसणारी अक्षरपद्धती) एका पद्धतीने टाइप करतं, कोणी दुसऱ्या, आणि डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द संगणकाला वेगळे वाटतात. सरांनी सगळ्यांना इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा प्रमाण कळपाट (कीबोर्ड) वापरायला लावला. पहिल्या रविवारी बोटं अडखळत होती, तिसऱ्या रविवारी बहुतेकांची चालायला लागली. इंदापूरचे गुरुजी सत्तरीचे, पण त्यांनी आमच्या आधी शिकून घेतलं.

वर्ग 'कोहा' या ग्रंथालयांसाठीच्या संगणकप्रणालीवर होता. ही न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनली आणि २००० सालापासून सगळ्यांना मोफत खुली आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आमच्यासारख्या संस्थेला परवडेल अशी गोष्ट फुकट मिळते आणि ती वाईट नसते, यावर सुरुवातीला आमच्यातल्या काही जणांचा विश्वास बसत नव्हता. ती नेहमीच्या विंडोजऐवजी लिनक्सवर चालते, तेवढी एक अडचण. आमच्या वाचनालयाचा एक सभासद अभियांत्रिकीला आहे, त्याने दोन संध्याकाळी बसून आमच्या जुन्या संगणकावर ती बसवून दिली.

चौथ्या रविवारी वर्गीकरण होतं, प्रत्येक विषयाला आकडा देणाऱ्या ड्युईच्या दशांश पद्धतीचं. मराठी साहित्य ८९१.४६, त्यातली कथा-कादंबरी ८९१.४६३. मधमाशीपालन ६३८.१. सर सहज म्हणून गेले की पुस्तकाच्या नावावर विसंबून विषय ठरवू नका. प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचा, मग ६५० या रकान्यात विषय लिहा, कारण वाचक येतो तो बहुतेकदा विषय घेऊन. त्याच दिवशी त्यांनी भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचे ग्रंथालयांसाठीचे १९३१ सालचे पाच नियम सांगितले. "प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ" आणि "प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक" हे मी परीक्षेसाठी कधीतरी पाठ केले होते. त्या दिवशी ते ऐकताना माझ्यासमोर आमची ती विषयाविना नोंदवही उभी राहिली.

काम फेब्रुवारीत सुरू केलं. दिवसाला वीस हे माझं गणित चुकलं. पहिल्या महिन्यात बारा-तेरा जमली, कारण प्रत्येक पुस्तक पुसून, उघडून, वाचून मगच नोंद होत होती. जुनी टाइप केलेली यादी युनिकोडमध्ये बदलून पाहिली, पण रफार जागा सोडून गेले होते आणि जोडाक्षरं फुटली होती. ती दुरुस्त करण्यापेक्षा पुस्तक हातात घेऊन नव्याने लिहिणं जलद ठरलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ललित गद्याच्या कपाटाचा खालचा कप्पा काढला. तिथे एक पातळ पुस्तक होतं. नाव फुलांवरचं, काव्यमय. नोंदवहीत ते पाहून कोणीतरी ललितमध्ये ठेवलं असणार. नावात मधमाशी हा शब्दच नव्हता. अनुक्रमणिका उघडली: सातेरी, आग्या, पेटीची रचना, पावसाळ्यातली निगा, साखरेचा पाक कसा द्यावा. शके १८८१. मी खुर्चीवर बसून ते पूर्ण वाचलं. त्या दुपारी दुसरं काही झालं नाही. आठवड्याभरात 'विविध' अशा नावाच्या एका कप्प्यात त्याच विषयावरची आणखी एक पुस्तिका निघाली. दोन्हींच्या नोंदी केल्या, ६३८.१ लिहिलं, विषयात 'मधमाशीपालन' आणि 'सातेरी' दोन्ही शब्द घातले.

मग वाचक-मागणी वही काढली आणि फोन लावला. त्याने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर तो थोडा गोंधळला, मग म्हणाला, "मॅडम, पाच पेट्या होत्या. त्या पावसात दोन गेल्या. तीन आहेत." मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, पुस्तक मिळालंय, पुढच्या पावसाच्या आत तुझ्यापर्यंत पोचवते.

तो पुण्याला लवकर येणार नव्हता. आणि तेव्हा मला वर्गात शेजारी बसणाऱ्या सुनंदाताई आठवल्या. त्यांना फोन केला, गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्यापासून चार किलोमीटर." कार्यवाह काकांनी संस्थेच्या लेटरहेडवर पत्र दिलं: या वाचनालयाकडून त्या वाचनालयाला दोन ग्रंथ तीन महिन्यांसाठी, आंतरग्रंथालयीन देवघेव. आमच्या इतक्या वर्षांतलं असलं पहिलंच पत्र असेल. ताई महिन्याच्या बैठकीसाठी पुण्याला आल्या तेव्हा पिशवीतून पुस्तकं घेऊन गेल्या. परत येताना त्यांनी त्यांच्याकडचं भाताच्या जुन्या वाणांवरचं एक पुस्तक आणलं, ते सध्या आमच्या एका शेतकरी-सभासदाकडे आहे.

आजपर्यंत दोन हजार तीनशे नोंदी झाल्या आहेत. शनिवारी दुपारी कॉलेजच्या दोन मुली येतात, त्यांना इन्स्क्रिप्ट मी शिकवलं. गेल्या आठवड्यात एका आजीने जात्यावरच्या ओव्यांची पुस्तकं मागितली, तेव्हा मी शोधपेटीत 'ओवी' टाइप केलं आणि चार नावं आली. त्यातलं एक खरं तर नोंदणीच्या रांगेत मागे होतं, ते मीच आधी उचलून वर घेतलं होतं, म्हणून दिसलं.

संघाचं नवं परिपत्रक सोमवारी आलंय. ग्रंथजतनाची कार्यशाळा पुढच्या महिन्यात आहे, एकच दिवस, पण प्रत्यक्ष हाताने करून बघायला देणार आहेत: कसर लागलेली पानं कशी झाडायची, सुटलेली शिवण कशी बांधायची, चिकटपट्टी का लावायची नाही. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची काही मासिकं आहेत, त्यांना हात लावायला आम्ही घाबरतो. या वेळी ग्रंथपाल बाईंचं नाव पाठवायचं ठरलंय. त्या म्हणतात, निवृत्तीआधी ही मासिकं नीट बांधून ठेवायची आहेत. बैठक शुक्रवारी आहे आणि ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय.