गाठ, उपकेंद्र आणि व्हिडिओवरचे डॉक्टर

अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून घाबरले. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि दुखत नाही म्हणून बाया अंगावर काढतात.

पेठ तालुक्यातून नाशिक गाठायचं म्हणजे सावळ घाट, एसटीची वाट आणि बुडालेला रोज. म्हणून आशाताईंनी आधी उपकेंद्रात नेलं. डॉक्टर व्हिडिओवर बोलणार, हे ऐकून मला धास्तीच बसली. कॅमेऱ्यासमोर छाती उघडी करायची? सीएचओ मॅडम, म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणाल्या, "नाही हो ताई. तपासणार मी, दार लावून. तेव्हा कॅमेरा बंदच." बसवून, मग आडवं करून त्यांनी दोन्ही बाजू आणि काखा बोटांनी नीट चाचपल्या. नंतर ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टर आले. गाठ हलते का, कातडी आत ओढलीय का, हे त्यांनी मॅडमना विचारलं. बोंडातून रक्त येतं का, आई-बहिणीला हा आजार होता का, हे मला.

गाठ कळते ती हाताला, व्हिडिओवरून नाही. टाटा रुग्णालयाने मुंबईत दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशीच हाताने तपासणी केलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्के कमी झाले. मॅडमच्या हातावर माझा भरवसा बसला तो यामुळे.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, आणि सोनोग्राफी यांची चिठ्ठी तिथंच मिळाली. मशीन कोणत्या दिवशी चालू असतं, तेही मॅडमनी फोन करून विचारून ठेवलं. हेलपाटा वाचला, हे आमच्यासारख्यांना फार मोठं. "पाळी संपल्यावरच्या आठवड्यात जा, कमी दुखेल. त्या दिवशी पावडर लावू नका," असंही बजावलं. छाती दोन पाट्यांत दाबतात तेव्हा कळ येते, पण क्षणभरच.

सोनोग्राफीत साधी पाण्याची गाठ निघाली. रिपोर्ट दाखवायला पुन्हा घाट चढावा लागला नाही. उपकेंद्रातूनच डॉक्टरांशी बोलणं झालं. सुई टोचायची गरज नाही, पण गाठ वाढली किंवा नवी लागली तर लगेच यायचं, असं त्यांनी सांगितलं.

तिशीपुढच्या बायकांची ही तपासणी उपकेंद्रात फुकट होते. जाऊबाईंना मी घेऊन गेले. सासूबाई अजून नाहीच म्हणतात. त्यांची समजूत काढणं चालू आहे.