इथं माडी येणार

"वहिनी, आधी पाणी द्या, घर मग पाहू," असं म्हणून दोंडाईच्याचा मित्र सतरंजीवर आडवाच झाला. सातपायरी घाटानं त्याचं पोट पार ढवळून काढलं होतं. पण मला कुठला दम? मी बाकीच्या दोघांना घेऊन घर दाखवायला निघालो.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, वर पत्रे. तेही भाड्याचं. दारात उभं राहून मान फिरवली की संपलं. तरी मी वीस मिनिटं लावली. "इथं कपाट येणार. या भिंतीला पुस्तकांची फळी. हा कोपरा सध्या गळतो, पण पावसाआधी पत्रा बदलायचाय. आणि इथं, ओट्याच्या या टोकाला उभं राहून हात असा वर केला की रेंज येते." अमळनेरच्यानं लगेच हात वर केला. आली. घरातली तेवढी एकच गोष्ट त्याला मनापासून आवडली.

गेल्या जूनमध्ये सातपुड्यातल्या तोरणमाळला बदली झाली तेव्हा याच मंडळींनी माझं सांत्वन केलं होतं. तोरणमाळच्या अक्राणी तालुक्यात बदली म्हटलं की आपल्याकडे नोकरदारांच्या घरी सुतकच. "काढ वर्षभर कसंतरी, मग बघू कुणाला भेटून." पुढे एप्रिल उजाडला, खाली पारा ४४ च्या वर गेला आणि त्याच तोंडांनी फोनवर विचारलं, "काय भो, रात्री पांघरूण लागतं का तिकडे?" लागतं म्हटलं. शनिवारी गाडी दारात.

मग मी त्यांना डोंगरही दाखवला, जणू तोही भाड्यात आला होता. ११५० मीटर उंची, थंड हवा, वगैरे. यशवंत तलाव दाखवला. सीताखाईच्या कड्यावर नेलं. शिंदखेड्याच्यानं वाकून खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "धबधबा कुठंय?"

"तो जुलैत येतो."

"म्हणजे इथं धबधबा येणार," तो माझी नक्कल करत म्हणाला आणि तिघंही हसत सुटले.

मी मात्र चपापलो. आवाज माझा होता, वाक्य वडिलांचं होतं.

आमचं शहादा तालुक्यातलं घर धाब्याचं. पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायची, तरी दोन-चार ठिकाणी पातेली ठेवायला लागायचीच. कधीतरी कापसाचं बरं साल आलं असावं, वडिलांनी मागं विटांची एक खोली काढली, वर स्लॅब टाकला आणि चार कोपऱ्यांत सळया उभ्या ठेवल्या. तेव्हापासून आलेला प्रत्येक पाहुणा, मग तो सोयरा असो की बैल बघायला आलेला व्यापारी, जिन्यानं वर नेला जायचा. वर काहीच नव्हतं. वडील त्या काहीच नसलेल्या जागेत चालत सांगायचे, "इथं माडी येणार. ही खिडकी. इथून सातपुडा दिसेल." पाहुणा सातपुड्याकडे बघायचा. तो तर तसाही दिसतच होता. खिडकीची वाट कोण बघतं?

माडी काही आली नाही. सळयांना दोऱ्या बांधून आई कपडे वाळत घालायची. गंजाचे डाग पडले की वडिलांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला, आमचा जिल्हा बदलला, सळया होत्या तिथेच.

उन्हाळ्यात मात्र त्या स्लॅबची ऐट होती. संध्याकाळी बादलीभर पाणी ओतलं की चर्रर्र वाफ निघायची, मग गोधड्या. चैत्रातल्या रात्री उत्तरेला डोंगरावर आगीची बारीक रेघ दिसायची, वाकडीतिकडी, कुणी पणत्या मांडल्यासारखी. "डोंगराची दिवाळी," आई म्हणायची. आम्ही भावंडं ती रेघ किती पुढं सरकली ते बोटांनी मोजत झोपी जायचो. नात्यातली मुलं मुक्कामाला आली की ही दिवाळी दाखवायचा मान माझा.

असो. दुपारी परतताना वाटेतल्या पावरा आदिवासींच्या वस्तीवर अंगणभर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या. अमळनेरच्याला वाटलं खोबरं. आमचूर म्हटल्यावर त्यानं तिथंच दोन किलो घेतला आणि भाव करायला बसला. घासाघीस करताना त्याची गाडी अहिराणीवर येते आणि समोरच्या बाईला पावरी सोडून फार तर थोडं मराठी. तरी सौदा झाला. तिनं एक रुपयाही कमी केला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर. दोंडाईच्याचा आता माणसात आला होता. "आठे ते पंखानी गरजच नही भो," असं दर दहा मिनिटांनी म्हणत होता. कौतुकाचा हा एकच मुद्दा, पण घरमालकासारखी माझी छाती फुगत होती. खाली दूर दिवे लुकलुकत होते. त्यात आमचं गाव कोणतं, हे मी ठामपणे दाखवलं. मला स्वतःला ते अजून नक्की सापडलेलं नाही.

तेवढ्यात शिंदखेड्याचा उठून उभा राहिला. "ते बघा, ते बघा!" समोरच्या डोंगरावर आगीची रेघ उमटली होती. बारीक, वाकडीतिकडी. "काय भारी दिसतंय! हे तू दाखवलंच नाहीस!" त्यानं मोबाईल काढला.

मागच्या महिन्यात अशीच रेघ आमच्या बाजूला उतरली होती. शेजारचे बापलेक ओल्या फांद्या घेऊन रात्रभर डोंगरावर होते. सकाळी परतले तेव्हा मुलाच्या भुवया जळालेल्या होत्या, आणि आमच्या दोरीवरच्या प्रत्येक कपड्यावर राख.

शेजारच्या घरी खाटेची करकर झाली. कुणीतरी उठलं होतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि दोरीवरचे कपडे काढायला लागलो.