मूळ पत्रा वाचवायचा : बडोद्यातल्या आमच्या गॅरेजची वाटचाल

कारेलीबागेतल्या आमच्या बंगल्यामागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात एका वेळी दोन गाड्या मावतात. तिसरी आलीच तर अंगणात ताडपत्रीखाली थांबते. जुन्या गाड्या मूळ रूपात आणायचं काम आम्ही इथेच करतो. मोठी जागा बघा, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) शेड घ्या, असं दरवर्षी कुणी ना कुणी सुचवतं. पण घराला लागून गॅरेज आहे म्हणूनच आमचा धंदा टिकला, हे माझं ठाम मत आहे. एक तारखेला भाडं द्यायची घाई नसली, तरच एखादा दरवाजा पुन्हा पुन्हा काढून, बिजागरी सरकवून, फट वरपासून खालपर्यंत सारखी होईस्तोवर बसवता येतो.

मी मूळचा मेंटेनन्सचा माणूस. उमेदीची वर्षं मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात पंप आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करण्यात गेली. घरी बाबांची फियाट 1100 डिलाइट होती, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. कार्ब्युरेटर खोलायला मी तिच्यावरच शिकलो. नोकरी सोडल्यावर ओळखीच्यांची एखादी फियाट, एखादी अँबेसेडर दारात येऊ लागली. हिशेबाची वही सौ.ने हातात घेतली आणि तेव्हापासून या कामाला धंद्याचं रूप आलं.

पण आमची खरी दिशा ठरली ती दांडिया बाजारातल्या एका निवृत्त प्राध्यापिका बाईंच्या स्टँडर्ड हेराल्डमुळे. ही गाडी 1961 पासून मद्रासला बनत होती, मूळ डिझाइन इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचं. चेसिस (खालचा सांगाडा) वेगळी, बॉडी वेगळी, आणि बॉनेट उघडलं की मडगार्डांसकट अख्खं तोंडच पुढे कलंडतं. इंजिनवर काम करायला याहून सोयीची गाडी मी पाहिलेली नाही. बाईंची तक्रार एवढीच होती की स्टिअरिंग जड झालंय.

हेराल्डच्या पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या बाजूला ट्रनियन नावाच्या पितळी तुकड्यात आट्यांवर फिरतो. तिथे ग्रीस नाही, ईपी 90 गिअर ऑइल घालायचं असतं. आपल्याकडे मात्र निपल (वंगण भरायची बोंडी) दिसला की ग्रीसगन लावायची ही सवय. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पावसाचं पाणी तिथे साचतं, पोलादी आटे आतून गंजतात आणि एखाद्या दिवशी वळणावर दांडा तुटून चाक आडवं होतं. बाईंच्या गाडीचा डावा दांडा साफ केला, तर आट्यांच्या मुळाशी केसासारखी बारीक चीर होती. बाहेरून ती गाडी चकाचक होती, रंग नुकताच मारलेला. त्या दिवशी आम्ही ठरवलं : रंगाच्या आधी सांगाडा, आणि गाडी पूर्ण खोलल्याशिवाय खर्चाचा आकडा सांगायचा नाही.

या दुसऱ्या नियमामुळे काही गिऱ्हाइकं परत गेली. त्यांचंही बरोबर आहे, आकड्याशिवाय कुणी हो कसं म्हणेल? म्हणून आम्ही कामाचे दोन भाग केले. आधी फक्त खोलणं, धुणं, फोटो काढणं आणि यादी करणं, त्याचे पैसे वेगळे. मग गिऱ्हाइकाला शेडमध्ये बोलावून उघडी गाडी दाखवायची आणि पुढचा अंदाज द्यायचा. त्याला नको असेल तर गाडी यादीसकट परत न्यावी. पुढे हाच आमच्याबद्दलच्या विश्वासाचा पाया झाला.

आमच्या कामाचा कणा म्हणजे आमचे डेंटर, म्हणजे पत्र्याचे पोचे काढणारे, चाचा. पाणीगेटच्या बाजूला राहतात, वय सत्तरीपुढे, आणि कानाने पत्रा ओळखतात. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक मी गाडीवरून फिरवतो. जिथे पकड सुटते तिथे खाली पुट्टीचा थर असतो. चाचा नुसत्या बोटाच्या टिचकीने तेच सांगतात. पुट्टी खरवडली की खालचा पोचा दिसतो. बहुतेक ठिकाणी असा पत्रा कापून नवा जोडतात. चाचा आधी मागून डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरून हलक्या हाताने ठोकतात. पत्रा ताणला जाऊन ढिला पडला असेल, तर गॅसच्या बारीक ज्योतीने रुपयाएवढा ठिपका लाल करतात, भोवतीने ठोकतात आणि लगेच ओलं फडकं दाबतात. पत्रा आक्रसतो आणि पुन्हा ताठ होतो. बाबांच्या फियाटचा मागचा मडगार्ड मी बदलायलाच निघालो होतो, तेव्हा त्यावर हात ठेवून चाचा म्हणाले होते, “आ पतरुं हजी जीवे छे” (हा पत्रा अजून जिवंत आहे). तो मडगार्ड आजही गाडीवर आहे.

गंजून चाळण झालेला भाग कापावाच लागतो, त्याला इलाज नाही. दाराखालचे उंबरठे, बॅटरीखालचा ट्रे आणि पायाखालची जमीन इथे बहुतेक गाड्या सडलेल्या असतात. पण तिथेही जेवढं सडलं तेवढंच कापायचं. कारखान्यात त्या काळी पत्र्याला जी वळणं पडली, ती नव्या पत्र्यात हुबेहूब उतरत नाहीत. बदलणं सोपं आणि स्वस्त असतानाही आम्ही दुरुस्ती करतो, आणि त्याची मजुरी मागायला मला कधीच संकोच वाटला नाही.

सुट्या भागांचं गणित गेल्या काही वर्षांत अवघड झालंय. फियाट 1100 आणि पुढची प्रीमियर पद्मिनी या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या गाड्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर ब्रेकच्या वॉशरपासून गिअरच्या दांड्याच्या बुशपर्यंत सगळं तिथे ताजं मिळायचं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. गाडी संपली की तिच्यासाठी माल बनवणारेही हळूहळू थांबतात. आता आम्ही अहमदाबादच्या गुजरी बाजारात आणि दिल्लीच्या कश्मीरी गेटला माणूस धाडतो, आणि बुश, पिन, शाफ्ट मकरपुऱ्यातल्या टर्नरकडून करून घेतो. बडोद्यात लेथवर काम करणारे कसबी हात मुबलक आहेत, हे या शहराचं आमच्यावरचं ऋण आहे.

जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं होऊन गेलेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. मात्र अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच. ज्यांना रविवारी कुटुंबाला घेऊन पावागढला जायचंय, त्यांना मी साधी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवायला सांगतो. चेसिस आणि इंजिनचे नंबर आरसी बुकाशी जुळवून पाहणं मात्र दोन्हीकडे पहिलं काम. नंबराच्या पट्टीवर आमच्याकडे ग्राइंडर चालत नाही.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात ‘21 गन सॅल्यूट’ ही जुन्या गाड्यांची स्पर्धा भरली. मी चाचांना घेऊन गेलो. आरशासारख्या रंगाच्या गाड्यांपुढे गर्दी होती. चाचा रेंगाळले ते कातडं विटलेल्या, रंग उडालेल्या पण काहीही न बदललेल्या गाड्यांपाशी. मलाही त्याच जास्त आवडल्या.

आणि मग ऑगस्ट 2024. आजवा सरोवर भरलं, पाऊस थांबेना, विश्वामित्री नदी 35 फुटांच्या पुढे गेली आणि निम्मं शहर पाण्यात गेलं. मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या. आमच्या शेडमध्ये मांडीभर पाणी होतं. दोन्ही गाड्या आम्ही ठोकळ्यांवर चढवल्या होत्या, इंजिनं लाकडी घोड्यांवर होती, त्यामुळे त्या वाचल्या. पाणी ओसरल्यावर समा भागातली एक अँबेसेडर टोइंग करून आली, डॅशबोर्डपर्यंत बुडालेली.

मालकांना फोनवर आधीच सांगून ठेवलं होतं : किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरी सोडवली, प्लग काढले. ऑइल सोडलं, तर दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून रात्रभर ठेवलं, सकाळी हँडल लावून हाताने फिरवलं आणि भोकांतून चिखलाचं पाणी उडालं. मग गिअरबॉक्स, डिफरन्शियल, चारही ब्रेक ड्रम, डायनामो, सगळं खोललं. दारांची खालची भोकं गाळाने बुजली होती, ती मोकळी करून आत पाइपने पाणी मारलं. सीटचा काथ्या मालकांच्या आईने स्वतः गच्चीवर वाळवला. त्याच गल्लीतल्या कितीतरी नव्या गाड्या विम्यात टोटल लॉस गेल्या, कारण पाणी वायरिंगमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये गेलं होतं. अँबेसेडरमध्ये कॉम्प्युटर नव्हताच. दिवाळीला ती पहिल्या हँडलला सुरू झाली, आणि त्या आजींनी शेडमध्येच पेढे वाटले.

सध्या आमचा बराच वेळ पेट्रोलमागे जातो. त्यात मिसळलेलं 20 टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही : पाइप फुगतात, डायफ्रॅम कडक होतात, आणि इथेनॉल पाणी ओढून घेत असल्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. म्हणून गाडी देताना आम्ही इथेनॉल सोसणारे पाइप घालतो, टाकीनंतर एक काचेचा फिल्टर बसवतो आणि मालकांना सांगतो की गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करून ठेवा.

चाचांच्या हाताखाली आता आयटीआय झालेले दोघं आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलीचा गॅसचा हात चांगला बसलाय, आणि आक्रसवण्याचं काम चाचा आता तिलाच देतात. शेडमध्ये एक पद्मिनी आणि एक मार्क टू अँबेसेडर आहे. पद्मिनी निघाली की जागा होईल. ज्यांना गाडी आणायची असेल त्यांनी आरसी बुक आणि गाडीचे जुने फोटो सोबत आणावेत, आणि कृपा करून आधी रंग मारून आणू नये.