नकाशावरची सर्वांत गडद वस्ती

आढावा बैठक दुपारी चारला होती आणि अकरा वाजताच माझा नकाशा तयार होता. मी आरोग्य विभागात आकडेवारीचं काम बघते. त्या आठवड्यात एकच विषय होता: १५ ते १९ वयाच्या मुलींना किती बाळं झाली ते वस्तीवार काढायचं आणि शेजारी त्या वस्तीची गरिबी मांडायची. दर हजार मुलींमागे जन्म जितके जास्त तितका रंग गडद. दोन्ही नकाशे जवळजवळ ठेवले तर साम्य सांगावं लागू नये, इतकं ते ढळढळीत होतं. मी खूश होते. आमच्या कामात असं चित्र क्वचित हाती लागतं, आणि लागलं की हात आपोआप ‘सेव्ह’कडे जातो.

तेवढ्यात प्रसूतिगृहातल्या सिस्टर जुनी रजिस्टरं परत न्यायला आल्या. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. रजिस्टरं काखेत घेताना त्यांची नजर पडद्यावर गेली.

“सगळ्यात काळी आमचीच वस्ती का हो?”

“हो ना. तिथला दर सगळ्यांत जास्त आलाय.”

“मॅडम, तिथे आमचं प्रसूतिगृह आहे. चारही बाजूंच्या बायका तिथे येतात. बाळ तिथे झालं म्हणून आई तिथली झाली का?”

माझे कान गरम झाले. जन्माच्या नोंदीत बाळ कुठे जन्मलं तो पत्ता वेगळा आणि आईचा राहण्याचा पत्ता वेगळा. मी पहिला रकाना उचलला होता. अंश सगळ्या शहराचा, छेद एका वस्तीतल्या मुलींचा! हा हिशेब शाळेतल्या पोरानेही नाकारला असता. इतकी वर्षं हेच काम करूनही मला तो दिसला नाही, कारण उत्तर मला हवं तसंच आलं होतं. ती वस्ती गरीबच होती. तिथे गडद रंग दिसला, यात मला काही वावगं वाटलंच नाही.

सिस्टर निघायच्या त्या बसल्या. पत्ता अर्धवट लिहिलेल्या नोंदी त्या वाचून दाखवायच्या आणि मी वस्ती भरायची. एका वर्षाऐवजी तीन वर्षांचे जन्म एकत्र घेतले, कारण लहान वस्तीत एका वर्षाचा दर फसवा असतो. दोनशे मुलींच्या वस्तीत चाराऐवजी सहा बाळं झाली की दर २० वरून थेट ३० वर जातो आणि रंग एक पायरी गडद होतो. घडलेलं असतं काय, तर दोन बाळं जास्त. वाचता वाचता सिस्टर मध्येच थांबायच्या आणि बाळाच्या बापाच्या वयाच्या रकान्यावर बोट ठेवायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. तो रकाना ओळीने वाचला की ‘मुलीने निवड केली’ असं लिहिताना हात अडखळतो.

नवा नकाशा तीनला तयार झाला. प्रसूतिगृहाची वस्ती मध्यम रंगावर आली. गरिबीशी असलेलं नातं मात्र पुसलं गेलं नाही. उलट जास्त नीट दिसू लागलं. आणि त्यात एक गोष्ट खुपत राहिली. शेजारच्या दोन वस्त्या, दोन्ही जवळपास सारख्याच गरीब. एक खूप गडद, दुसरी बरीच फिकी.

आमच्या साहेबांना या जोडीत रस नव्हता. त्यांना स्लाइड हवी होती. “लवकर मूल, म्हणून शिक्षण सुटतं, म्हणून गरिबी. बाण काढा आणि मोकळ्या व्हा.”

मी म्हटलं, “सर, बाण बराचसा उलटा आहे.”

माझ्या मनात हॉट्झ, मॅकएल्रॉय आणि सँडर्स या अमेरिकी संशोधकांचं काम होतं. किशोरवयात आई झालेल्या मुलींची तुलना त्यांनी त्याच वयात गरोदर राहून गर्भपात आपोआप झालेल्या मुलींशी केली. पार्श्वभूमी बरीचशी सारखी, फरक मुख्यतः बाळाचा. मग दिसलं की लवकर मूल झाल्याने पुढच्या कमाईचं वगैरे जे नुकसान धरलं जात होतं, ते प्रत्यक्षात पुष्कळ कमी होतं. ओढाताण आधीपासूनच होती. आरोग्याचं नुकसान खरं आहे, ते मी स्लाइडवर ठेवलंच: या वयात आईला गरोदरपणातल्या झटक्यांचा (फिट येण्याचा) आणि जंतुसंसर्गाचा धोका विशीतल्या बाईपेक्षा जास्त, आणि बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं होण्याचाही.

“मग लिहा, गरीब मुलींना लवकर मुलं होतात.”

हेही नुसत्या नकाशावरून म्हणता येत नाही. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली १९३० च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं होतं की परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी. पण माणसागणिक पाहिलं तर परदेशात जन्मलेल्यांतच ती जास्त. ते लोक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. वस्तीचा रंग कोण्या एका मुलीच्या कपाळी लावता येत नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांचंही चूक नव्हतं, बैठकीला पंधरा मिनिटं उरली होती.

अमेरिकेतच या वयाचा जन्मदर १९९१ मध्ये हजारी ६१.८ होता, २०२२ मध्ये १३.६. त्याच काळात तिथली सरकारी मोजणीतली गरिबी १४.२ टक्क्यांवरून ११.५ वर आली. म्हणजे गरिबी जेमतेम हलली आणि जन्मदर कोसळला; गर्भनिरोधकांचा चांगला वापर हे त्यामागचं एक मोठं कारण. हे मी बैठकीत सांगितलं. फिक्या वस्तीत काय वेगळं आहे ते पाहायला हवं, हेही सांगितलं. कार्नी आणि लेव्हाइन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये मांडलं होतं की तिथल्या विषमता जास्त असलेल्या राज्यांतल्या गरीब मुली, कमी विषमतेच्या राज्यांतल्या गरीब मुलींपेक्षा जास्त प्रमाणात लवकर आई होतात. वर जाण्याची आशाच नसेल तर थांबून मिळवायचं काय, असं त्यांचं म्हणणं. कोणीतरी मान हलवली. बाणाची स्लाइड गळली, नकाशा राहिला.

जिन्यात सिस्टर भेटल्या, रजिस्टरं अजून काखेतच. मी त्यांना त्या गडद वस्तीबद्दल विचारलं.

“परवाच तिथली एक होती, सतराची. मी तिला सगळं समजावलं. पुढचं मूल लांबव, गोळ्या आहेत, तांबी आहे. सगळं नीट ऐकलं तिने. मग म्हणाली, रजिस्टर लिहायला कोणी लागतं का तुमच्याकडे? माझं अक्षर चांगलं आहे.”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“जागा नाही म्हटलं. नव्हतीच हो.”